खात्रीची टाच

लोकांच्या अंगावरची बुरशी वाढवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. म्हणजे अंगावर नव्हे, काचेच्या प्लेटमध्ये. ज्यांना नायटा झालाय, गजकर्ण झालंय, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात, अशांच्या कातडीचा भुसा आमच्या प्रयोगशाळेत येतो. मी त्यातली बुरशी खाऊपिऊ घालून वाढवतो, चांगली बाळसेदार झाली की तिच्यावर निरनिराळी औषधं सोडतो आणि कोणत्या औषधाने ती मरते आणि कोणत्या औषधाला ती भीक घालत नाही, ते बघतो. एखाद्या समारंभात कोणी विचारलं, "काय करता?" तर मी "संशोधन" म्हणून मोकळा होतो. खोलात विचारलं आणि मी खरं सांगितलं, तर विचारणारा हातातलं ताट सांभाळत दुसऱ्या टेबलाकडे जातो. थोड्या वेळाने तोच माणूस एकटा परत येतो आणि कानाशी लागतो, "जरा एक दाखवायचं होतं. इथे नको, आत चला."

अशा कामाने माणूस नम्र व्हायला हवा. मी उलटा झालो. मला वाटायला लागलं, की बुरशी म्हणजे काय ते या जगात फक्त मला कळतं. विशेषतः माझ्या मेहुण्याला कळत नाही. मेहुणा त्वचारोगतज्ज्ञ आहे. त्याच्या दवाखान्याबाहेर नेहमी रांग असते, आणि तो प्रत्येकाला चष्म्यावरून एकदा बघून औषध लिहून देतो. त्यावर मी जेवायच्या टेबलावर अनेकदा भाषण दिलंय. "तपासणी न करता औषध म्हणजे डोळे मिटून मारलेला दगड," असं मी म्हणायचो. मेहुणा शांतपणे जेवत राहायचा आणि म्हणायचा, "भाऊजी, माझे दगड लागतात हो बऱ्याचदा."

आता माझ्या टाचेबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

आमच्या कामात जिच्यावाचून पान हलत नाही ती गोष्ट म्हणजे कंट्रोल. एका प्लेटमध्ये संशयिताच्या कातडीचा भुसा टाकला, की शेजारच्या प्लेटमध्ये अशा माणसाचा टाकायचा, ज्याला काहीही झालेलं नाही याची पक्की खात्री आहे. ही दुसरी प्लेट कोरी राहिली तरच पहिलीवर विश्वास ठेवायचा. असा खात्रीचा माणूस आयत्या वेळी आणायचा कुठून? म्हणून मी माझी टाच वापरायचो. टाचेची कातडी जाड असते, खरवडताना दुखत नाही, आणि ती आपल्याच पायाला असल्याने शोधत हिंडावं लागत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझी टाच फार कामी आली आणि तिची प्लेट दरवेळी कोरी करकरीत राहिली. नंतर मी औषधांच्या चाचण्यांकडे वळलो, तिथे कंट्रोल म्हणून विकत आणलेली बुरशीच लागते, आणि टाच निवृत्त झाली. पण तिचा अभिमान काही गेला नाही. बायको म्हणायची, "अहो, टाचा बघा, चादरीवर पांढरा चुरा पडतो. काहीतरी लावत जा." मी म्हणायचो, "कातडीचं निदान तू मला शिकवू नकोस. कोरडेपणा आहे तो, वयाचा."

आमच्या मुलीला घरात सगळे चिमणी म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा ती दुपट्यात मावत होती. आता ती ज्युदो खेळते आणि स्वतःपेक्षा जाडजूड मुलींना उचलून आपटते. सरावात तिची जोडीदार असते ती तोफ. तिला हे नाव हॉलमध्येच पडलं. अंगावर धावून येते तेव्हा बाजूला होणं हा एकच उपाय असतो म्हणून. दोघी शाळेच्या पहिल्या दिवसापासून एका बाकावर आहेत, आणि एकमेकींना आपटल्याशिवाय दोघींनाही अन्न गोड लागत नाही.

हॉल म्हणजे एका जुन्या गोदामाची मोठी खोली. दारात चपला काढायच्या, आत निळ्या मॅट. रविवारी त्या मॅट उचलून, पुसून पुन्हा अंथरायच्या असतात आणि ते काम पालक करतात. त्यात मी सगळ्यांच्या पुढे, पँट दुमडून, अनवाणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतर बाप फोनवर बोलल्यासारखं करून बाहेर सटकायचे. मी मनात म्हणायचो, यांना मुलांची काही पडलेली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी सगळ्या पालकांना जमवून तिथे व्याख्यान दिलं. मॅटवर घामेजलेली अंगं एकमेकांना घासतात, तिथे नायटा कसा पसरतो, यावर. माझ्याकडे रंगीत स्लाइड होत्या. एक आई मधूनच उठून गेली, एका मुलाने डबा न खाता परत नेला. शेवटी मी सरांकडून, म्हणजे ज्युदो शिकवणाऱ्या सरांकडून, एक नियम मंजूर करून घेतला. ज्याच्या अंगावर नायटा असेल किंवा नुसता संशय असेल, त्याने, बरा झाल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत, हॉलच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. अपवाद कोणालाच नाही.

सर डोकं खाजवत म्हणाले, "जरा जास्तच कडक होतंय का?"

"सर, बुरशीला दयामाया कळत नाही," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. मला अजून आठवतात त्या टाळ्या, आणि आठवल्या की कानशिलं तापतात.

जिल्हा संघाच्या त्या वर्षीच्या निवड स्पर्धेला दोन महिने उरले असताना चिमणीच्या दंडावर गोल चट्टा उठला. कडेला लालसर, मध्ये फिकट, चुरचुरणारा. बायकोने तो कपडे वाळत घालताना पाहिला, कारण चिमणी भर उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा घालून हिंडत होती.

निवड स्पर्धा म्हणजे चिमणीसाठी सगळं काही होतं. आदल्या वर्षी तिचा घोटा मुरगळला आणि तिला बाकावर बसावं लागलं. पुढच्या वर्षी ती वरच्या वयोगटात जाणार. या गटात निवड व्हायची तर याच वर्षी. ते तिने कॅलेंडरवर लिहिलं नव्हतं, भिंतीवर लिहिलं होतं, खडूने, पलंगाच्या डोक्याशी.

"मी दादाला फोन लावते," बायको म्हणाली. दादा म्हणजे तिचा भाऊ, माझा मेहुणा.

"काय म्हणून?"

"काय म्हणून म्हणजे? तो त्यातला डॉक्टर आहे."

"आणि मी त्यातला कोण आहे?"

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि फोन खाली ठेवला. मी विजयी मुद्रेने बोथट ब्लेड काढलं, जेवायच्या टेबलावर कागद पसरला आणि चिमणीच्या दंडावरचा भुसा खरवडून घेतला. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रमुख बाईंची परवानगी काढून तो मायक्रोस्कोपखाली बघितला. बुरशीचे धागे लख्ख दिसले. नायटाच होता. शेंबड्या पोरालाही तिथेच औषध सुरू करायचं सुचलं असतं. पण मी शेंबडं पोर थोडाच होतो!

संध्याकाळी मी दोघींना समजावलं. हल्लीची बुरशी पूर्वीसारखी राहिलेली नाही. जी गोळी सगळे डॉक्टर डोळे झाकून देतात, तिला ती कित्येकदा दाद देत नाही. चुकीचं औषध घेतलं तर महिना फुकट जाईल. त्यापेक्षा आधी ही बुरशी वाढू द्यायची, मग तिच्यावर सगळी औषधं तपासायची आणि जे बिनचूक लागू पडेल तेच द्यायचं.

"वाढायला किती वेळ लागतो?" बायकोने विचारलं.

"तीनेक आठवडे. ही जात सावकाश वाढते."

"आणि तोवर हिच्या दंडावर?"

"तिथेही सावकाशच वाढते," मी म्हणालो. हे वाक्य मी घरातल्या घरात, शुद्धीवर असताना, स्वतःच्या तोंडाने बोललो.

चिमणी एवढंच म्हणाली, "बाबा, मी खेळणार ना?"

"म्हणजे काय! मी आहे ना."

बायको थांबली. एरवी ती माझं काही ऐकत नाही, ते एवढं एकच तिने ऐकलं. त्याबद्दल मला आजही तिच्याकडे नीट बघवत नाही.

माझ्याच नियमाने चिमणीला हॉल बंद झाला. सराव तर हवा. म्हणून आम्ही बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतीला लावलं, दोन गाद्या जोडून अंथरल्या आणि तिला आपटायला माणूस हवा म्हणून मी उभा राहिलो. रोज संध्याकाळी ती माझी कॉलर धरायची, वळायची आणि छप्पर माझ्या डोळ्यांसमोरून सरकायचं. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन विचारून गेले, की घरात सगळं ठीक आहे ना. पडताना हात कसा आपटायचा, मान कशी आवळून घ्यायची, हे ती मला शिकवायची. "बाबा, पोत्यासारखा पडू नकोस. माणसासारखा पड." पाठ सडकून निघायची, पण खरं सांगतो, गेल्या कित्येक वर्षांत मी इतका सुखात नव्हतो. मोठी झाल्यापासून पोरगी इतक्या जवळ येते कुठे?

आणि त्या गाद्यांवर मी अर्थातच अनवाणी उभा असायचो. पाय पुसायला दोघांत मिळून एकच टॉवेल होता.

बुरशी प्लेटमध्ये वाढेपर्यंत मला दुसरा उद्योग हवा होता. तो मी शोधला. चिमणीला हा नायटा दिला कोणी? शोध लावायचाच म्हणून मी ब्लेड खिशात घालून निघालो. सरांची कोपरं खरवडली. शेजारच्या मांजरीला खरवडायला गेलो, तेव्हा तिनेच मला खरवडलं. शेवटी माझी नजर तोफेच्या मानेवर गेली. तिथे लाल पट्टा होता. तोफ म्हणाली, "काका, ते गणवेशाची कॉलर घासून झालंय." मी हसलो. संशयित असंच म्हणतात.

तिच्या मानेचाही नमुना घेतला आणि सरांना सांगितलं, संशय आहे, नियम म्हणजे नियम. सरांनी तोफेला दारातूनच परत पाठवलं. तिच्या आईने घरातले सगळे कपडे उकळून काढले. हॉलमधल्या मुली तिच्याशी लांबून बोलायला लागल्या, शाळेत एकीने तिची जागा बदलून मागितली. तिलाही स्पर्धेत उतरायचं होतं. तिच्या घरी आपटून घ्यायला बाप नव्हता, आई दोन पाळ्यांत काम करायची.

चिमणीला हे कळलं त्या संध्याकाळी ती गाद्यांवर आली नाही.

"तू तोफेला बाहेर काढलंस?"

"संशय आहे. तपासणी होईपर्यंत..."

"तिला काही झालेलं नाही."

"तुला काय माहीत? प्लेट सांगेल."

"मला माहीत आहे, बाबा. मी रोज तिच्या मानेला धरत होते." ती आत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी सात वाजता गादीवर जाऊन उभा राहायचो आणि उभाच राहायचो. भिंतीपलीकडून उशीला गुद्दे मारल्याचे आवाज यायचे. पाठ दुखायची थांबली, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटलं, की एकदा मी स्वतःच गादीवर पडून बघितलं. बायकोने दारातून पाहिलं आणि दिवा बंद केला.

दरम्यान दंडावरचा चट्टा तळहाताएवढा झाला आणि मनगटापाशी त्याला भावंड आलं.

अखेर प्लेटा पिकल्या. चिमणीच्या प्लेटमध्ये पांढरी, पिठूळ बुरशी टम्म फुगून आली होती. सरांची प्लेट कोरी. तोफेची प्लेट कोरी. मी तोफेची प्लेट उजेडात धरली, वाकडी धरली, भिंग लावून बघितली. धुतल्या तांदळासारखी. मग सवयीने चौथी उचलली. अशा कामात कंट्रोल लागतो, म्हणून मी इतक्या वर्षांनी माझी टाच पुन्हा कामाला लावली होती.

चौथ्या प्लेटमध्ये बुरशी होती. पांढरी, पिठूळ, टम्म.

मला पहिला विचार काय आला असेल? की कोणीतरी चिठ्ठ्या उलटसुलट चिकटवल्यात. मी प्लेटा भरणाऱ्या सहायिकेला फैलावर घेतलं. ती बिचारी म्हणाली, "सर, चिठ्ठ्या तुम्हीच चिकटवल्या. मला हात लावू दिला नाहीत." मग मी इन्क्युबेटरला दोष दिला. मग हवेला. आवाज ऐकून प्रमुख बाई आल्या. त्यांनी चौथी प्लेट हातात घेतली.

"हा कंट्रोल कोणाचा?"

"माझा. माझी टाच आहे. खात्रीची."

बाईंनी प्लेट खाली ठेवली. "मोजे काढा."

"इथे?"

"मग काय मुहूर्त बघायचाय?"

मी स्टुलावर बसून मोजे काढले. मोज्यांबरोबर पांढरा चुरा फरशीवर पडला. बाईंनी वाकून बघितलं, सहायिकेने बघितलं, दारातून जाणाऱ्या दोघांनी बघितलं. तळपायभर पसरलेला कोरडा, पापुद्रे सुटलेला पट्टा, कडेने वर चढत गेलेला. पुस्तकातल्या चित्रासारखा. असली चित्रं मी विद्यार्थ्यांना दाखवतो आणि सांगतो, की पेशंट याला कोरडेपणा समजून वर्षानुवर्षं अंगावर काढतो, यावरून पेशंटच्या बुद्धीची कल्पना यावी.

"काखेत कळसा..." बाई म्हणाल्या आणि हसू आवरत निघून गेल्या. उरलेली म्हण पूर्ण करायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

तरी शेवटची आशा म्हणून मी दोन्ही बुरशींवर औषधं तपासली. यासाठी बारीक खळगे असलेली थाळी असते. ओळीने प्रत्येक खळग्यात औषध निम्मं निम्मं करत न्यायचं आणि बुरशी कुठवर तग धरते ते बघायचं. सगळे देतात ती गोळी दोन्ही बुरशींनी पचवली, शेवटच्या खळग्यापासून पहिल्यापर्यंत. दुसऱ्या एका औषधाने दोघीही चटकन मेल्या. तिसऱ्याने दोघीही अर्ध्यावर अडखळल्या. कुठेही काडीचा फरक नाही. चिमणी बापावर गेलीये, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. तिची बुरशीही बापाचीच होती.

घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं बायको भडकेल. ती खुर्चीत बसली. "म्हणजे इतके दिवस ती तुमच्याच पायाखालच्या गादीवर..." एवढं बोलून तिने गाद्यांकडे बघितलं. भडकली असती तर बरं झालं असतं. मग तिने दादाला फोन लावला, आणि या वेळी मला विचारलं नाही.

मेहुण्याने चिमणीचा दंड चष्म्यावरून एकदा बघितला. मग मला म्हणाला, "पाय वर घ्या, भाऊजी." मी त्याच्या टेबलावर पाय ठेवला. इतक्या वर्षांच्या भाषणांची परतफेड करायची त्याला नामी संधी होती. त्याने नुसतं विचारलं, "औषध कुठलं लागू पडलं?"

मी सांगितलं. त्याची भुवई वर गेली. "मी ती नेहमीचीच गोळी दिली असती," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मला जरा उभारी आली. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण मलम त्याच दिवशी दिलं असतं. गोळीचं नंतर बघता आलं असतं. नमुना एकदा खरवडून घेतल्यावर वरून मलम लावायला तुम्हाला कोणी अडवलं होतं?"

मी विचार केला. खरंच कोणी अडवलं नव्हतं. नमुना प्लेटमध्ये सुखरूप होता. मलम लावलं असतं तरी प्लेटला काहीच फरक पडला नसता. हे मला सुचलंच नव्हतं, कारण मला चिमणीला बरं करायचं नव्हतं, मला बरोबर ठरायचं होतं. एवढं मला त्या टेबलावर पाय ठेवून बसलेलो असताना कळलं.

"मामा, मी खेळणार ना?" चिमणीने विचारलं. या वेळी तिने मला विचारलं नाही.

"दंडाची कातडी पातळ असते. आजपासून औषध नीट घेतलंस तर स्पर्धेपर्यंत मी तुला बरी झालीस असं लिहून देऊ शकेन, बहुतेक. तुझ्या बाबांचं मात्र लांबेल. टाच जाड असते." मग माझ्याकडे बघून, "टाचच म्हणतोय मी," असं म्हणाला.

रविवारी मी हॉलवर गेलो. आत नाही. दारात, बूट घालून. सगळे पालक मॅट उचलत होते. मी सरांना आणि तोफेला बाहेर बोलावलं, पण माझा आवाज मोठा आहे आणि गोदामात तो घुमतो. तोफेची प्लेट कोरी आहे, तिला काही झालेलं नव्हतं, नायटा माझ्या पायाचा आहे, आणि दर रविवारी या मॅटवरून अनवाणी मीच फिरत होतो. फोनवर बोलल्यासारखं करणाऱ्या एका बापाने फोन खिशात ठेवला.

तोफेने मानेवर हात ठेवला. "म्हणजे काका, मी आत येऊ?"

"ये, बाळा."

"आणि तुम्ही?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "अपवाद..." मी म्हणालो. ते वाक्य सरांनी पूर्ण केलं, "कोणालाच नाही."

औषध लागू पडलं. चट्टे फिकट झाले, मग सपाट झाले, आणि मेहुण्याने बरी झाल्याचं लिहून दिलं. चिमणी हॉलवर परतली, तोफेबरोबर दिवसातून दोनदा सराव करायला लागली. माझ्याशी बोलायची, पण मीठ दे, किल्ली कुठे आहे, एवढंच. गाद्या परत पलंगांवर गेल्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मेहुण्याने माझ्या टाचा बघितल्या आणि नकारार्थी मान हलवली.

त्यामुळे, स्पर्धा आमच्याच हॉलवर असूनही, त्या दिवशी बायको आत पहिल्या रांगेत आणि मी हॉलमागच्या गवतात, एका उंच खिडकीखाली. खिडकीची काच दुधी, तिची एक झडप तेवढी उघडी. खाली एक डुगडुगतं बाक. चढून बघायची माझी छाती होत नव्हती. आतून लोकांचा गलका यायचा आणि मग धप्प. कोण पडलं, ते कळायचं नाही. गादीवर इतकं आपटून घेतल्याने एवढं मात्र कळायचं, की पडणारा माणसासारखा पडला की पोत्यासारखा.

दुपार टळताना तोफ मागच्या बाजूने आली. गणवेशातच होती, केस विस्कटलेले.

"तुझी लढत?" मी विचारलं.

"झाली. पहिल्याच फेरीत हरले." ती बाकावर चढली. "दम पुरला नाही शेवटी. म्हणून मोकळी आहे. काका, बाक धरा, मी सांगते तुम्हाला."

मी बाक धरलं. मला माफी मागायची होती. तिचा दम कुठे गेला ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. खाली बघत मी म्हणालो, "तुझं नुकसान केलं मी."

"हो," ती म्हणाली. नंतर म्हणाली, "उपांत्य फेरी चालू झाली. चिमणी निळ्या गणवेशात आहे."

चिमणीने ती लढत जिंकली. तोफेने बाकावरून एवढी मोठी आरोळी ठोकली, की मी बाकासकट हललो. मग अंतिम फेरी. जिंकणारी एकटी संघात जाणार होती.

"पकड घेतली... सुटली... काका, ती दमलीये. नाही, परत घेतली. वळली..."

धप्प.

माणसासारखा पडल्याचा आवाज होता. हात आधी, मग पाठ. हात कसा आपटायचा ते मला शिकवणारीचाच तो आवाज.

तोफ बाकावरून उतरली आणि माझ्या शेजारी गवतात बसली. मनात एकच हिशोब चालू होता. ते तीन-चार आठवडे तिला हॉल मिळाला असता तर.

बऱ्याच वेळाने चिमणी कोपऱ्यावरून आली. गळ्यात दुसऱ्या क्रमांकाचं पदक होतं, ते तिने पाठीमागे फिरवून टाकलं होतं. डोळे लाल होते. माझ्यापासून हातभर लांब थांबली.

"चिमणे, माझ्यामुळे..." मी सुरुवात केली.

"बूट घातलेत ना?"

"हो."

"मोजे?"

"दोन-दोन."

"उभा राहा नीट."

मला कळायच्या आत तिने माझी कॉलर धरली, वळली, आणि दुधी खिडकी, गोदामाचं छप्पर आणि आभाळ माझ्या डोळ्यांसमोरून सरकलं. मी गवतावर असा आदळलो, की छातीतली सगळी हवा बाहेर गेली. मी हात आपटायला विसरलो होतो.

"पोत्यासारखा पडलास," ती वरून म्हणाली. तिचा आवाज कापत होता. कॉलर तिने सोडली नव्हती. "ऊठ. परत."

मी उठलो.